हाताचे वळण आणि स्वयंपाकघर

मराठी भाषेत ज्या बाईच्या हातून वस्तू पडतात तिच्यासाठी शब्दांची वाण नाही. धांदरट, वेंधळी, गबाळी, अजागळ, धसमुसळी. शिवाय "हिच्या हाताला वळण नाही" हे तर घरोघर ऐकू येणारे वाक्य. गमत अशी की, घरातल्या पुरुषाच्या हातून तांब्या पडला तर "तांब्या पडला" असे म्हणतात आणि सुनेच्या हातून पडला तर "हिने पाडला" असे म्हणतात. क्रियापदाच्या या एका फरकात आपल्या स्वयंपाकघराचा पुष्कळसा इतिहास साठवलेला आहे.

या सगळ्या शब्दांत एकही शब्द असा नाही की, ज्याचा अर्थ "हिच्या मनात काम बरोबर आहे, परंतु मनातली आज्ञा हातापर्यंत नीट पोचत नाही" असा होईल. वैद्यकशास्त्राला मात्र तसा शब्द सापडला आहे. तो म्हणजे डिस्प्रॅक्सिया. नाव परदेशी असले तरी माणसे आपलीच आहेत. माझ्या बहिणीची मुलगी शिक्षणासाठी माझ्याकडे राजूरला राहिली. ती सतरा वर्षांची असताना मुंबईत तिची तपासणी झाली आणि हा शब्द प्रथम आमच्या घरात आला. तेव्हापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचीत आले. यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा याच विषयावर लिहावे असे वाटले. कारण आपल्या मंडळातही अशी मुलगी असलेल्या एकदोघी तरी भगिनी असाव्यात.

प्रथम हा प्रकार काय ते थोडक्यात सांगते. डोळे चांगले, हातापायांत ताकद चांगली, बुद्धी चांगली. परंतु हालचालीची आखणी करताना मेंदूला अधिक कष्ट पडतात. तुम्ही आम्ही भाकरी थापताना विचार करीत नाही. हात आपोआप फिरतो. अशा मुलीला प्रत्येक वेळी तो हात जणू नव्याने फिरवावा लागतो. किती जोर लावावा, कडा किती लांब आहे, दोन हातांनी दोन निराळी कामे एकाच वेळी कशी करावी, आधी काय आणि मग काय, या सर्वांत अडखळण होते. शाळेत जाणाऱ्या मुलांत शंभरांत पाच ते सहा मुलांना हा त्रास असतो असे सामान्यतः मानले जाते, आणि पुष्कळांचा तो मोठेपणीही टिकतो. नोंदी पाहिल्या तर त्यांत मुलगे अधिक आढळतात. माझा तर्क असा की, मुलगा चेंडू झेलू शकला नाही तर आईबाप डॉक्टरकडे जातात, आणि मुलीने ताक सांडले तर तिला बोलणी बसतात. मग तिची नोंद व्हायची कोठे?

या नावाचा इतिहासही मोठा नागमोडी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत लीपमान नावाच्या डॉक्टरांनी, मेंदूला इजा झालेल्या मोठ्या माणसांना ठाऊक असलेली हालचाल करता का येत नाही, याचा अभ्यास केला. पुढे १९३७ साली अमेरिकेतील सॅम्युएल ऑर्टन यांनी मुलांच्या वाचन-लेखनातील अडचणींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जन्मजात अवघडलेल्या हालचालीच्या मुलांचीही दखल घेतली. १९६२ साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्या प्रमुख नियतकालिकात अशा मुलांविषयी संपादकीय आले; पण त्याच्या मथळ्यात शब्द होता तो "वेंधळी मुले" याच अर्थाचा. म्हणजे तिकडच्या विद्वानांचीही जीभ आपल्या सासवांहून फार निराळी नव्हती! १९७२ साली कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. शरीराकडून येणाऱ्या संवेदना मेंदूत नीट जुळून आल्या नाहीत तर हालचालीची आखणी बिघडते, असे त्यांचे म्हणणे होते. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील गबे यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा विकार आला, आणि १९९४ साली कॅनडातील लंडन नावाच्या शहरी जमलेल्या तज्ज्ञांनी त्याला "हालचालींच्या समन्वयाचा विकासविषयक विकार" अशा अर्थाचे एकच नाव वापरावयाचे ठरविले. तरी लोकांच्या तोंडी डिस्प्रॅक्सिया हेच राहिले. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील नायक डॅनियल रॅडक्लिफ याने २००८ साली आपल्याला हा त्रास सौम्य प्रमाणात असल्याचे सांगितले, तेव्हा तो शब्द वर्तमानपत्रांतून जगभर गेला.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात या कामाचे बीज ज्या बाईंनी पेरले, त्यांचे नाव कमलाबाई निंबकर. त्या जन्माने अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी, जन्म १९०० सालचा. १९३० साली विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशिया खंडातली या विषयाची ती पहिली शाळा. १९५२ साली या क्षेत्रातील मंडळींची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्याही त्या संस्थापक व पहिल्या अध्यक्ष.

व्यवसायोपचार म्हणजे धंदा लावून देणे नव्हे. पुष्कळांची तशी समजूत होते. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती कामे, म्हणजे अंघोळ, कपडे, लिहिणे, स्वयंपाक, त्याला पुन्हा किंवा प्रथमच करता यावीत म्हणून काम, हत्यार आणि जागा यांत बदल करावयाचे, हे त्या शास्त्राचे सूत्र. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. बाकीचे वैद्यकशास्त्र विचारते, "तुला काय झाले आहे?" आणि हे शास्त्र विचारते, "तुला काय करावयाचे आहे?" आमच्या मुलीला तपासणाऱ्या बाईंनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता. तिने उत्तर दिले, "मला एकटीने चहा करायचा आहे." आम्ही सारी थक्क झालो, कारण तिला चहाही करता यावयाचा नाही असे धरून आम्ही तिला गॅसजवळ फिरकूच देत नव्हतो.

कायद्याने हा शब्द उशिरा उचलला. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन-अक्षमता असणाऱ्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. देशात हे पाऊल प्रथम आपल्या राज्याने उचलले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा नावानिशी उल्लेख झाला. परंतु सवलत मिळते ती पेपराला. दुधाच्या पातेल्याला वेळ वाढवून मिळत नाही! म्हणून स्वयंपाकघराचा विचार आपला आपणच करावयास हवा, आणि त्यासाठी आपली स्वयंपाकघरे कशी बदलत आली ते पाहणे उपयोगाचे आहे.

आपला अकोले तालुका पावसाचा. भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. त्या आधीपासून या डांगाणात कारवीच्या कुडाची घरे आणि जमिनीवरची मातीची चूल हीच रीत होती. चुलीमागे वैल, बाजूला फुंकणी, भिंतीशी उतरंड. या चुलीला धूर फार, डोळे जात, छातीचे विकार जडत. तिचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. परंतु अवघडल्या हाताच्या बाईला तिच्यात दोन गोष्टी सोयीच्या होत्या. एक म्हणजे बाई बसलेली असे. तोल सांभाळण्याचे अर्धे काम जमीनच करी. दुसरी, भांडे चुलीच्या तोंडात रुतून बसे, आणि कलंडले तरी वीतभर उंचीवरून कलंडे. याउलट पदराला आच लागण्याचे आणि रांगते मूल चुलीत जाण्याचे भय जमिनीवरच्या चुलीलाच अधिक.

चुलीनंतर वातीचे आणि पंपाचे स्टोव्ह आले. पंपाचा स्टोव्ह ही मूळची स्वीडनमधली १८९२ सालची कल्पना. त्याची कृती आठवून पाहा: काकडा स्पिरिटमध्ये बुडवून लावावयाचा, नळी तापू द्यावयाची, पंप मारावयाचा, भोक तुंबले तर पिन करावयाची, भडका उडाला तर किल्ली सोडावयाची. पाचसहा पायऱ्या, आणि त्यांतली एक जरी पुढेमागे झाली तरी ज्वाळा तोंडावर. डिस्प्रॅक्सिया असलेल्या बाईला छळण्यासाठीच एखादे यंत्र शोधून काढावयाचे म्हटले, तर ते याहून निराळे झाले नसते.

आणि येथे एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" ही बातमी आमच्या पिढीने वर्षानुवर्षे वाचली. त्यांतले काही खरेच अपघात होते आणि काही नव्हते. १९८३ साली विवाहितेच्या छळाविरुद्धचे ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीविषयीचे ३०४-ब ही कलमे दंडसंहितेत आली ती याच दुःखातून. १ जुलै २०२४ पासून ती नव्या न्याय संहितेत ८५ व ८० या क्रमांकांनी आहेत. जी सून आधीच "वेंधळी" म्हणून गावभर ठरलेली असे, तिच्या बाबतीत "तिच्याच हातून झाले असेल" हे वाक्य किती सहज खपत असेल, याचा विचार करावा. म्हणून मुलीला हे विशेषण लावताना, आणि विशेषतः सोयरिकीच्या बैठकीत लावताना, जीभ आवरलेली बरी. अडचण असेल तर ती तिच्या खऱ्या नावाने, मुलीच्या संमतीने आणि शांतपणे सांगावी.

मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीचा "बर्शेन" गॅस आला, १९६५ साली कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी झाली, आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर आपल्या वाड्यापाड्यांवरही सिलिंडर पोचले. गॅसबरोबर ओटा आला आणि बाई उभी राहिली. उभ्याने कंबर वाचली हे खरे. पण उकळते पातेले आता कमरेच्या उंचीवरून कलंडू लागले. परदेशात स्वयंपाकघराची मांडणी हा शास्त्राचा विषय झाला तो विसाव्या शतकात. १९२६ साली फ्रँकफुर्ट येथे मार्गारेटे शुटे-लिहोट्झ्की या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी पावले मोजून लहानसे स्वयंपाकघर आखले. अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ या बारा मुलांच्या आईने, जी स्वतः अभियंताही होती, हृदयविकार असलेल्या गृहिणींसाठी बसून करता येईल असा ओटा सुचविला. बसणे हा आळस नव्हे, हे त्यांना हिशेबाने दाखवावे लागले. आपल्याकडे चुलीपुढे पिढ्यान् पिढ्या बसणाऱ्या बायकांना ओट्यापुढे स्टूल घेण्याची मात्र आता लाज वाटते, ती का कोण जाणे.

आमच्या घरी काय केले ते आता सांगते. ते सर्वांना तसेच लागू पडेल असा आग्रह नाही. ओट्यापुढे न डुगडुगणारे लाकडी स्टूल ठेवले. चिरणे, निवडणे, मळणे हे सारे बसून. उभे राहणे फक्त विस्तवापाशी. विस्तवापाशी एका वेळी एकच भांडे. दुसरी शेगडी आम्ही पहिले वर्षभर वापरलीच नाही. सांडशी हे अशा हाताचे पहिले वैरी. आपल्या पातेल्याला कान नसतात, तेव्हा चिमटा किती दाबावा हा अंदाज सतत करावा लागतो, आणि अंदाज हीच तर अडचण. म्हणून दोन कानांची जाड बुडाची कढई आणि दोन्ही हातांना जाड कापडाचे हातमोजे. त्याहून उत्तम म्हणजे गरम भांडे उचलावयाचेच नाही: गॅस बंद करून, भांडे तेथेच ठेवून डावाने वाढून घ्यावयाचे. भाताची पेज वेळून काढणे बंद केले. पाणी मोजून घातले की वेळावे लागत नाही.

मोजण्यावरून आठवले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे "रुचिरा" निघाले, तेव्हा वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवणारे पुस्तक म्हणून नव्या मुलींनी ते डोक्यावर घेतले आणि काही जुन्या बायकांनी नाके मुरडली. अंदाजाने मीठ घालता येणे हीच सुगरणीची खूण, असे त्यांचे म्हणणे. परंतु ज्या मुलीचा हात रोज निराळा पडतो, तिला मापाची वाटी म्हणजे केवढा आधार! आमच्याकडे मिठाच्या, तिखटाच्या आणि चहाच्या डब्यांत त्या त्या मापाचा चमचा कायमचा असतो, आणि चहाची कृती पायरीपायरीने मोठ्या अक्षरांत भिंतीला लावलेली आहे.

विळी की सुरी, हा वाद आमच्या घरी आठवडाभर चालला. सुरीने चिरताना एक हात धरतो आणि दुसरा चालतो. दोन हातांना दोन कामे. विळीवर पाते स्थिर असते, पाट पायाखाली दाबलेला असतो आणि दोन्ही हात मिळून एकच हालचाल करतात. म्हणून पालेभाजी तिला विळीवर सोपी गेली. परंतु पाते उघडे आणि बोटे त्याच्या दिशेने सरकत जाणारी, तेव्हा लहान वस्तू, लसूण, मिरची विळीवर नाही; त्यांना कात्री. मिटणारी विळी घेतली, आणि कोणी हाक मारली तरी विळी मिटल्यावाचून उठावयाचे नाही हा नियम घरातल्या सर्वांना घातला. बटाटा गोल असतो म्हणून निसटतो. तो आधी मी मधोमध कापून देते, मग सपाट बाजू खाली ठेवून ती सुरीने चिरते. पाटाखाली ओले फडके ठेवले की पाट सरकत नाही.

प्रेशर कुकर आपल्या देशात घरोघर गेला तो १९५९ च्या सुमारास येथेच तो बनू लागल्यानंतर. त्यात दोन जाती आहेत. ज्याचे झाकण आत बसते ते तिरके करून आत घालावे लागते आणि मग फिरवावे लागते. ही हालचाल आमच्या मुलीला महिनाभर जमली नाही. परंतु त्याच झाकणाचा गुण असा की, आत वाफ कोंडलेली असेतोवर ते उघडतच नाही. आम्ही थंड, रिकाम्या कुकरवर सराव करून घेतला. शिकवताना उलट क्रमाने शिकवावे, ही व्यवसायोपचाराची एक जुनी युक्ती: शेवटची पायरी प्रथम तिने करावयाची, आधीच्या आपण, मग शेवटच्या दोन तिने. काम प्रत्येक वेळी तिच्याच हातून पुरे होते आणि धीर वाढतो. शिट्यांचा तर तिला फारच उपयोग. वेळेचे भान सुटले तरी शिटी ते आणून देते. दूधही शिटीच्या दुहेरी भांड्यात तापवतो, म्हणजे ऊतू जाण्याची धास्ती नको.

गॅसच्या बाबतीत सर्वच घरांनी पाळावयाच्या गोष्टी आहेत. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साठतो. वास आल्यास दारे-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, विजेचे बटण दाबू नये, लावूही नये आणि बंदही करू नये, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. वीज असेल तेव्हा इंडक्शनची शेगडी अशा हातांना पुष्कळ बरी. तीत ज्वाला नसते. मात्र नुकतेच भांडे उचललेली काचही चटका देते, हे मुलीला हाताने नव्हे तर तोंडाने समजावून द्यावे. स्वयंपाक करताना नायलॉनची साडी किंवा ओढणी नको. ती वितळून कातडीला चिकटते. सुती नेसावे आणि पदर खोचावा.

इतके करूनही चटका बसतोच. तो तुम्हांआम्हांलाही बसतो. भाजल्याबरोबर बांगड्या-अंगठ्या काढाव्या आणि भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. वीस म्हणजे वीस, घड्याळ लावून. बर्फ, शाई, तूप, हळद, दात घासण्याची पेस्ट यांतले काही लावू नये. नंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे. कपड्याने पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे आणि इतरांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून ज्वाला विझवावी. भाजणे मोठे असेल, किंवा तोंड, हात, सांधे यांवर असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे.

आपल्या गावच्या पेढ्यांविषयी परगावचे लोक नेहमी विचारतात. खवा आटवणे हे काम अवघड समजले जाते, आणि ते आहेही. पण आमच्या मुलीला ते चहापेक्षा आधी जमले. कढई जड असल्याने हलत नाही, डाव एकाच दिशेने, एकाच लयीत फिरवावयाचा, आणि मध्ये दुसरे कोणतेही काम अंगावर घ्यावयाचे नाही. तिच्या हाताला जी लय एकदा सापडते ती मग सुटत नाही. म्हणजे ज्या कामाला आपण सोपे म्हणतो ते तिला अवघड आणि अवघड ते सोपे, असेही होते. म्हणून तिला विचारूनच कामे वाटावी.

ज्या भगिनींच्या घरी पाचसहा वर्षांवरील मूल गुंड्या, चमचा, जिना, चेंडू या सर्वांतच सारखे अडखळते, त्यांनी शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला ते मुद्दाम सांगावे. ही बालस्वास्थ्य योजना २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाली. तीत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हालचालींचा विकास व अध्ययनातील अडचणी या दोन्ही बाबी तिच्या यादीत आहेत. पथक घाईत असते. आपण सांगितले नाही तर त्यांना पाच मिनिटांत गुंडी कशी दिसणार? आमच्या घरची भिंतीवरची चहाची कृती ज्यांना उतरवून घ्यावयाची असेल त्यांनी दुपारी तीननंतर केव्हाही यावे. चहा तीच करील.